वर्षावनाची पाने, फळे आणि बीअरचा पेला : वाचकांचे प्रश्न

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरील वर्षावनांत मूळच्या असलेल्या वनस्पती घालून तेथे जी क्राफ्ट बीअर (लहान ब्रुअरींत, म्हणजे बीअर गाळणाऱ्या कारखान्यांत, केलेली बीअर) तयार केली जाते, तिच्याविषयी मागील अंकात या सदरात एक लहान टिपण आले होते. त्यावर अपेक्षेपेक्षा बरीच जास्त पत्रे आली. काही पत्रे तेथेच राहणाऱ्या वाचकांची आहेत, काही मुलाबाळांकडे जाऊन आलेल्यांची. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून, पत्रलेखकांची नावे न देता, त्यांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : ब्रिस्बेनला मुलाकडे गेलो असताना एका ब्रुअरीत चार लहान पेल्यांचा संच समोर आला. लेमन मर्टलची पाने घातलेली गव्हाची बीअर, फिंगर लाइम या फळाची पेल एल (फिकट रंगाची बीअर), डेव्हिडसन प्लम या फळाची आंबट बीअर आणि माउंटन पेपरची स्टाउट (गडद, काळपट बीअर) अशा त्या चार होत्या. दुसऱ्या पेल्यानंतर मला सगळ्यांची चव सारखीच वाटू लागली. मुलगा म्हणाला, ‘बाबा, तुम्हाला बीअर कळत नाही.’ तर ही चव घ्यायची तरी कशी?

उत्तर : चिरंजीवांचा निष्कर्ष घाईचा आहे. कॉफी घातलेल्या स्टाउटमधली कॉफी आपण पटकन ओळखतो, कारण कॉफीची आठवण आपल्याजवळ आधीपासून असते. लेमन मर्टलचे पान ज्याने कधी चुरगळून हुंगलेले नाही, त्याला पेल्यातून येणारा वास पानाचा आहे, हॉप्सचा (बीअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) आहे की बीअर आंबवणाऱ्या यीस्टचा आहे, हे ठरवायला आधारच नसतो. म्हणून माझा पहिला आणि आग्रहाचा सल्ला असा की पेल्याला हात लावण्याआधी मूळ पदार्थ मागून घ्यावा. स्थानिक वनस्पती वापरणाऱ्या बहुतेक चांगल्या ब्रुअरींमध्ये वाळलेली पाने, गोठवलेली फळे किंवा निदान थोडी पूड ठेवलेली असते आणि विचारले तर ती आनंदाने दाखवतात. पान बोटांत चुरगळावे, हुंगावे, त्याचा लहानसा तुकडा दाताखाली धरावा. फळाचा गर जिभेच्या टोकावर ठेवावा. एवढ्या एका कृतीने पुढचे सारे बदलते, हे मी अनेकांच्या बाबतीत प्रत्यक्ष पाहिले आहे.

दुसरी गोष्ट क्रमाची. आपण लिहिलेला क्रम चांगला आहे आणि तो मोडू नये. माउंटन पेपर शेवटीच यायला हवी. हे झुडूप टास्मानियाच्या थंड वर्षावनांत आणि आग्नेय ऑस्ट्रेलियाच्या ओलसर उंच डोंगरांत वाढते. त्याच्या पानांत आणि काळपट जांभळ्या फळांत पॉलिगोडिअल नावाचे द्रव्य असते. त्याचा तिखटपणा काळ्या मिरीसारखा लगेच जाणवत नाही. घोट गिळल्यावर काही क्षण शांततेत जातात, मग जिभेच्या कडांवर उष्णता चढत जाते आणि शेवटी जीभ बधिर झाल्यासारखी होते. ही बीअर मध्येच घेतली, तर तिच्यानंतर येणाऱ्या नाजूक बीअरला काहीच न्याय मिळत नाही. आंबट बीअरचेही काही प्रमाणात असेच आहे, म्हणून ती तिसरी. दोन पेल्यांमध्ये साधे पाणी आणि कोरड्या पावाचा तुकडा घ्यावा. खारे शेंगदाणे किंवा चीज नको.

तिसरी गोष्ट तापमानाची. उष्ण हवेमुळे तेथे बीअर फार थंड देण्याची पद्धत आहे. तीन-चार अंशांवर सुगंधी द्रव्ये पेल्याबाहेर येतच नाहीत आणि जिभेला फक्त गारवा, बुडबुडे आणि कडवटपणा कळतो. आपल्याला सगळ्या सारख्याच वाटल्या, याचे मुख्य कारण हेच असावे, असा माझा अंदाज आहे. गव्हाच्या बीअरला सहा-सात अंश, फळांच्या आंबट बीअरला आठ-दहा आणि स्टाउटला बारा अंशांपर्यंत तापमान मानवते. पेला तळहातात धरून पाच-सात मिनिटे बसले की काम होते.

आता प्रत्यक्ष चव. पहिला घोट पदार्थ शोधण्यासाठी घेऊ नये. तो बीअरसाठी घ्यावा. माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोडवा किती आहे, कडवटपणा कोठे संपतो, अंगाने ती पातळ आहे की भरीव, हे आधी मनाशी ठरवावे. मग पेला हलकेच फिरवून वास घ्यावा आणि दुसऱ्या घोटाला मघाचे पान आठवावे. तो घोट गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडला की जे वास आधी सापडले नव्हते, ते मागच्या बाजूने वर येतात. यानंतर स्वतःला एकच प्रश्न विचारावा : हे पान किंवा फळ काढून घेतले, तर ही बीअर अपुरी वाटेल का? उत्तर ‘हो’ असेल, तर ब्रुअरने वनस्पती समजून घेतली आहे. काढून घेतल्यावर बीअर आहे तशीच राहणार असेल, तर तो पदार्थ केवळ लेबलसाठी घातलेला असतो. आणि काढून घेतल्यावर बीअर अधिक चांगली लागेल असे वाटले, तर तेही स्पष्टपणे म्हणावे. दुर्मीळ फळ घातले म्हणून बीअर चांगली म्हणण्याचे बंधन चव घेणाऱ्यावर नसते.

एक व्यावहारिक सूचना. दीडशे मिलिलिटरचे चार पेले आणि त्यांत सरासरी पाच टक्के अल्कोहोल असेल, तर पोटात साधारण 24 ग्रॅम अल्कोहोल जाते. ऑस्ट्रेलियात 10 ग्रॅम अल्कोहोल म्हणजे एक प्रमाणित पेय मानतात आणि सामान्य परवानाधारक चालकासाठी रक्तातील अल्कोहोलची मर्यादा 0.05 टक्के आहे. पेले लहान दिसतात म्हणून गाडीची किल्ली हाती घेऊ नये.

प्रश्न : लेमन मर्टलच्या बीअरचे एवढे कौतुक वाचले होते, पण मला तिला चक्क साबणाचा वास आला. बाटली खराब होती, की माझ्या नाकाचा दोष?

उत्तर : नाकाचा दोष मुळीच नाही. हा प्रश्न चार पत्रांत आला आहे आणि या सगळ्या विषयाचे मर्म त्यात आहे असे मला वाटते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

लेमन मर्टल म्हणजे बॅकहाउसिया सिट्रिओडोरा, क्वीन्सलंडच्या किनारी वर्षावनांतील झाड. त्याच्या पानांतील तेलात सिट्रल या एका द्रव्याचे प्रमाण सामान्यतः 90 टक्क्यांहून अधिक असते. लिंबाच्या सालीच्या तेलात हेच द्रव्य अवघे काही टक्के असते आणि तरीही लिंबाला ‘लिंबू’ म्हणून ओळख देण्याचे काम तेच करते. आपल्या परिचयाच्या गवती चहाचा वासही मुख्यतः सिट्रलचाच. म्हणजे लेमन मर्टलचे पान हे लिंबापेक्षाही लिंबाळ आहे, आणि त्यात लिंबाचा आंबटपणा मात्र अजिबात नाही. आंबटपणाचा आधार नसलेला हा दाट वास प्रमाणाबाहेर गेला की आपल्याला खाद्यपदार्थ आठवत नाही. अंगाचे साबण आणि फरशी पुसण्याची द्रव्ये आठवतात, कारण त्यांतही हाच वास घातलेला असतो. वीस लिटर बीअरमध्ये वाळलेल्या पानांचे काही ग्रॅम इकडचे तिकडे झाले, तरी हा फरक पडतो.

प्रमाणाइतकीच वेळही महत्त्वाची असते. पाने माल्टच्या काढ्यात बराच वेळ उकळली, तर सुगंध वाफेबरोबर निघून जातो आणि पानांचा तुरटपणा तेवढा मागे राहतो. यीस्टचे काम सुरू होण्याआधी पाने घातली, तर यीस्ट सिट्रलचा काही भाग जिरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉल या द्रव्यांत बदलते आणि लिंबाऐवजी गुलाबाकडे झुकणारा वास येतो. गव्हाच्या बीअरमध्ये तो थोडासा असेल तर मला आवडतो. बहुतेक जाणते ब्रुअर मात्र उकळणे थांबल्यावर पाने थोडा वेळ भिजवतात किंवा किण्वन, म्हणजे आंबण्याची क्रिया, संपल्यावर घालतात.

तिसरे कारण वयाचे. आम्लधर्मी द्रवात सिट्रल टिकत नाही. महिन्यागणिक ते मोडत जाते, त्यात प्राणवायूचा अंश शिरला की आणखी लवकर, आणि त्यातून जे नवे वास तयार होतात ते औषधी, टर्पेंटाइनसारखे असतात. त्यामुळे लेमन मर्टलची बीअर साठवून ठेवण्याची नव्हे. बाटलीवरची तारीख पाहावी. तीन महिन्यांहून जुनी आणि उन्हात मांडलेली बाटली मी घेत नाही.

खरा साबणी दोषही बीअरमध्ये असतो, हेही सांगायला हवे. बीअर मेलेल्या यीस्टच्या थरावर फार काळ राहिली, तर त्यातून मेदाम्ले सुटतात. ओळख सोपी आहे. साबणाची आठवण पहिल्याच वासाला आणि लिंबासह आली, तर दोष पानाच्या प्रमाणाचा. वासात काही नसताना गिळल्यावर जीभ ओशट झाली, तर दोष यीस्टचा आणि ती बाटली परत करण्याजोगी. एका नावाजलेल्या ब्रुअरीत मला पहिल्या प्रकारची बीअर मिळाली होती. मी तसे सांगितल्यावर तेथील माणसाने ‘लोकांना असेच हवे असते’ असे उत्तर दिले. त्याचे मला आजही वाईट वाटते, कारण ज्याने लेमन मर्टल प्रथमच चाखले, तो त्या दिवशी त्या झाडाविषयी चुकीचे मत घेऊन घरी गेला असेल.

प्रश्न : ‘रेनफॉरेस्ट एल’ असे नाव असलेल्या एका कॅनवर वॉटलसीड आणि स्ट्रॉबेरी गम असे घटक छापलेले होते. ही वर्षावनातील झाडे आहेत का?

उत्तर : नाहीत. वॉटल म्हणजे ऑस्ट्रेलियातील अकेशिया, आणि भाजून वापरले जाणारे तिचे बी प्रामुख्याने कोरड्या, अर्धवाळवंटी प्रदेशातील जातींचे असते. स्ट्रॉबेरी गम हे न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेकडील पठारावरच्या खुल्या, कोरड्या जंगलातील निलगिरीच्या जातीचे झाड. दोन्ही पदार्थ उत्तम आहेत. भाजलेल्या वॉटलसीडने स्टाउटला कॉफी, चॉकलेट आणि हेझलनटच्या मधला जो वास येतो, तो मला फार प्रिय आहे. पण ऑस्ट्रेलियातील प्रत्येक स्थानिक वनस्पतीला वर्षावनाचे लेबल लावणे म्हणजे देवगडचा हापूस सोलापूरच्या माळावर पिकतो असे सांगण्यासारखे आहे.

ऑस्ट्रेलियात वर्षावन अगदी थोड्या जमिनीवर उरले आहे. त्यातील दोन मोठे समूह जागतिक वारशाच्या यादीत आहेत : न्यू साउथ वेल्स आणि दक्षिण क्वीन्सलंड यांच्या सीमाभागातील गोंडवाना वर्षावने, 1986 पासून, आणि उत्तर क्वीन्सलंडमधील ओला उष्ण प्रदेश, ज्यात डेनट्रीचे जंगल येते, 1988 पासून. बीअरमध्ये येणाऱ्या खऱ्या वर्षावनी वनस्पती बहुतांशी या पट्ट्यांतल्या किंवा त्यांच्या आसपासच्या आहेत. लेमन मर्टल, बेलिंजर आणि नंबुका या नद्यांच्या खोऱ्यांपुरते नैसर्गिकरीत्या मर्यादित असलेले अ‍ॅनिसीड मर्टल, सिनॅमन मर्टल, फिंगर लाइम, डेव्हिडसन प्लम, उत्तरेकडचे लेमन अ‍ॅस्पेन, रायबेरी, मॅकाडेमिया आणि बुन्या ही त्यांतली मुख्य नावे.

यांतल्या काहींशी आपले दूरचे नाते आहे आणि चव ओळखायला ते उपयोगी पडते. रायबेरी हे सिझिजियम प्रजातीतील फळ. आपले जांभूळ त्याच प्रजातीतले, लवंगही त्याच प्रजातीतली. रायबेरीची आंबट बीअर पिताना शेवटी लवंगेची जी पुसट झाक जाणवते, तिचा उलगडा या नात्याने होतो. अ‍ॅनिसीड मर्टलच्या पानात बडीशेपेतलेच अनेथॉल असते. ते जिभेला गोड भासते, त्यामुळे साखर शिल्लक नसलेली कोरडी बीअरही गोड वाटते. फिंगर लाइमच्या बाबतीत मात्र थोडा अपेक्षाभंग होण्याची शक्यता आहे. फळ कापल्यावर बाहेर येणारे मोत्यांसारखे रसाळ दाणे हे त्याचे वैभव. बीअरमध्ये ते फुटतात आणि उरतो तो केवळ आंबटपणा. साल वापरणारा ब्रुअर अधिक काही साधतो, कारण फिंगर लाइमचा खास हिरवट वास सालीत आहे.

मॅकाडेमियाबद्दल एकच सांगतो : त्यात तीन चतुर्थांश वजन तेलाचे असते आणि तेल बीअरच्या फेसाचे वैरी आहे, म्हणून अशा बीअरला फेस कमी असेल तर दोष धरू नये. ज्यांना कवचफळांची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी मात्र घटकांची यादी वाचल्याशिवाय घोटही घेऊ नये.

प्रश्न : बीअर म्हणजे माल्ट, हॉप्स, पाणी आणि यीस्ट. त्यात जंगलाची पाने घालणे ही नव्या पिढीची हौस नाही का?

उत्तर : ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या भागापुरते बोलायचे तर ही हौस अडीचशे वर्षे जुनी आहे आणि तिचा आरंभ हौसेतून झालाच नव्हता. 1773 साली कॅप्टन जेम्स कुक आपल्या दुसऱ्या सफरीत न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील डस्की साउंड येथे थांबला होता. तो सगळा परिसर दाट, पावसाने निथळणाऱ्या जंगलाचा. खलाशांना स्कर्व्ही (जीवनसत्त्व क कमी पडल्याने होणारा आजार) होऊ नये म्हणून त्याने तेथील रिमू या झाडाच्या डहाळ्या उकळून त्या काढ्यात माल्टचा आटवलेला रस आणि काकवी घातली आणि बीअर तयार केली. न्यूझीलंडमध्ये तयार झालेली पहिली बीअर ती हीच. एवढा वेळ उकळल्यावर जीवनसत्त्व क त्यात फारसे उरले नसणार, तेव्हा औषध म्हणून तिचा उपयोग बेताचाच. मला त्या हकिगतीतील दुसरी गोष्ट मोलाची वाटते. नुसत्या रिमूची बीअर फार तुरट झाल्याचे कुकने नोंदवले आहे, आणि मग त्याने तेवढ्याच प्रमाणात मानुका या तेथील झुडपाची पाने मिसळून ती पिण्याजोगी केली. अनोळखी जंगलात, अनोळखी पानाची चव घेऊन, चुकले ते ओळखून प्रमाण बदलणे हेच आजच्या ब्रुअरलाही करावे लागते.

टास्मानियाच्या मध्य पठारावरील मूळ रहिवासी त्याच्याही कितीतरी आधीपासून सायडर गम या झाडाचा गोड रस खोडातून गोळा करून आपोआप आंबू देत आणि पीत. त्या पेयाला वे-अ-लिना म्हणतात. ती बीअर नव्हे आणि ते झाडही वर्षावनातले नव्हे. पण या खंडात आंबवलेले पेय युरोपियनांनीच आणले, हा समज दुरुस्त व्हावा म्हणून उल्लेख केला.

प्रश्न : मी गोल्ड कोस्टला राहते आणि घरी बीअर करते. शेजारच्या अंगणात डेव्हिडसन प्लमचे झाड आहे आणि त्या काकू भरपूर फळे देतात. गेल्या वेळी बीअर अतोनात आंबट झाली आणि दोन महिन्यांत तिचा सुंदर रंग विटकरी झाला. काय चुकले?

उत्तर : काकूंचे झाड हे आपले मोठे भाग्य आहे. या फळाशी वागण्याची रीत मात्र इतर फळांपेक्षा वेगळी आहे.

डेव्हिडसन प्लममध्ये साखर फार थोडी आणि आम्ल फार. रासबेरी किंवा चेरीसाठी घरगुती कृतींत लिटरमागे शंभर ग्रॅम किंवा त्याहून जास्त फळ सांगितलेले असते. तेच प्रमाण येथे वापरले की जे व्हायचे तेच झाले. माझ्या अनुभवात लिटरमागे पन्नास ते साठ ग्रॅम गर पुरेसा होतो, आणि तोही अशा बीअरमध्ये जिचे माल्ट थोडे भरीव आहे आणि जिच्यात हॉप्सचा कडवटपणा अगदी कमी आहे. आम्ल आणि कडवटपणा एकमेकांना सांभाळून घेत नाहीत. दोन्ही मिळून तोंड पिळवटून टाकतात. मुळात आंबट पद्धतीची बीअर करणार असाल, तर जिवाणूंचा आंबटपणा थोडा आधीच थांबवावा आणि उरलेले काम फळावर सोपवावे.

कृती अशी. फळे धुऊन, पुसून, आतील दोन चपट्या बिया काढून गर गोठवावा. गोठल्याने पेशी फुटतात आणि रस सुटा होतो. मुख्य किण्वन संपल्यावर गर घालावा, म्हणजे सुगंध वायूबरोबर उडून जात नाही. फळातील साखर थोडी असली तरी ती पुन्हा आंबते, म्हणून बीअरची घनता सलग तीन दिवस स्थिर राहिल्याशिवाय बाटल्या भरू नयेत. घाई केली तर बाटल्या फुटतात, आणि फुटलेल्या काचेने डोळ्याला इजा होऊ शकते.

रंगाचे कारण अँथोसायनिन ही द्रव्ये. आम्लात ती लालभडक राहतात, प्राणवायूने मात्र तपकिरी होतात. एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतताना बीअर खळखळली असेल, बाटलीत वर जागा जास्त राहिली असेल, किंवा बाटल्या उबदार जागी ठेवल्या असतील. या तिन्ही गोष्टी सांभाळल्या तरी हा रंग कायमचा नसतो. सहा-आठ आठवड्यांत पिऊन टाकण्यासारखी बीअर म्हणूनच ती करावी.

फळे अंगणातलीच वापरावीत. न्यू साउथ वेल्सच्या बाजूची डेव्हिडसन प्लमची जात, तसेच गुळगुळीत पानांची दुसरी जात, या दोन्ही धोक्यात आलेल्या वनस्पती म्हणून कायद्याने संरक्षित आहेत आणि जंगलातून त्यांचे फळ तोडणे योग्य नाही. उत्तरेकडच्या जातीच्या अंगावर खाजरी लव असते, तेव्हा हातमोजे घालावेत.

आणखी एका पत्रात जंगलात फिरताना सापडलेल्या बिया घरच्या बीअरमध्ये घालाव्यात का, असे विचारले आहे. कृपा करून घालू नका. ब्लॅक बीन या वर्षावनी झाडाच्या मोठ्या, तपकिरी बिया चेस्टनटसारख्या सुरेख दिसतात आणि कच्च्या विषारी असतात. तेथील मूळ रहिवासी त्या चिरून, वाहत्या पाण्यात अनेक दिवस धुऊन आणि भाजूनच खात आले आहेत. ते ज्ञान आपल्याजवळ नसताना केवळ ‘स्थानिक’ या शब्दावर विसंबणे धोक्याचे आहे.

प्रश्न : मी मद्य घेत नाही, पण या चवींची उत्सुकता आहे. काही मार्ग?

उत्तर : आहे, आणि चांगला आहे. क्वीन्सलंडच्या गोल्ड कोस्टवरील ‘सोबा’ ही आदिवासी मालकीची कंपनी 2017 पासून अल्कोहोलरहित क्राफ्ट बीअर करते. गमिलराय समाजातील मानसशास्त्रज्ञ क्लिंटन शुल्ट्झ तिचे संस्थापक आहेत. लेमन अ‍ॅस्पेन घातलेली पिल्सनर आणि फिंगर लाइमची हलकी बीअर ही त्यांची परिचित पेये. अशा बीअरमध्ये अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोलचा अंश असू शकतो, म्हणून ज्यांना तोही चालत नाही त्यांनी डब्यावरील आकडा पाहावा. अल्कोहोल नसल्याने अंग थोडे पातळ लागते. पण फळाचा आणि पानाचा वास त्यामुळे अधिक उघडा पडतो. ज्यांना या वनस्पती ओळखायला शिकायचे आहे, त्यांना मी, मद्य घेत असतील तरीही, येथूनच सुरुवात करायला सांगतो.

प्रश्न : ही फळे, ही पाने मुळात तेथील आदिवासी समाजांच्या ज्ञानातली. बीअरचा पैसा त्यांच्यापर्यंत पोहोचतो का? आणि या मागणीने जंगलावर ताण येत नाही का?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर बाटलीगणिक वेगळे आहे, आणि म्हणूनच तो प्रत्येक ठिकाणी विचारावा. फिंगर लाइम हे बुंजालुंग लोकांच्या प्रदेशातले फळ, अ‍ॅनिसीड मर्टल गुंबेंगीर लोकांच्या खोऱ्यांतले. बुन्याच्या झाडाला दर तीन वर्षांच्या आसपास जोरकस बहर येतो. त्या वेळी दूरदूरचे समाज आपापसांतले तंटे बाजूला ठेवून बुन्याच्या डोंगरांत जमत. विवाह ठरत, न्यायनिवाडे होत, गाणी एका समाजाकडून दुसऱ्याकडे जात. बियांनी भरलेल्या त्याच्या एका कणसाचे वजन दहा किलोपर्यंत भरते, एवढा तो मेवा. 1842 मध्ये ब्रिटिश वसाहतीच्या गव्हर्नरने या झाडांच्या प्रदेशात वस्ती आणि वृक्षतोड करण्यास बंदी घातली होती. 1860 मध्ये ती उठवली गेली आणि कुऱ्हाडी आत शिरल्या. बुन्याची बीअर हातात घेताना हे आठवावे असे मला मनापासून वाटते.

कायद्याची स्थिती अपुरी आहे. जैविक संपत्तीच्या लाभाच्या न्याय्य वाटणीविषयीच्या नागोया करारावर ऑस्ट्रेलियाने 2012 मध्ये स्वाक्षरी केली. क्वीन्सलंडने आपल्या 2004 च्या जैवशोध कायद्यात 2020 साली दुरुस्ती करून पारंपरिक ज्ञान वापरण्यासाठी त्या समाजाशी करार करणे आवश्यक केले. पण त्या कायद्याचा रोख संशोधनावर आहे. ब्रुअरीने फळे कोणाकडून घेतली, हे शेवटी गिऱ्हाइकानेच विचारायचे असते. फळे आदिवासी मालकीच्या शेतातून किंवा संस्थेकडून आली असतील, तर ब्रुअर ते अभिमानाने सांगतो. उत्तर टाळले गेले, तर मी दुसरी बाटली घेतो. डेनट्री राष्ट्रीय उद्यानाची मालकी 2021 मध्ये ईस्टर्न कुकू यलांजी लोकांकडे परत आली. तेव्हा त्या जंगलाचे नाव आणि चित्र छापणाऱ्या पेयाने तरी या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायला हवे.

ताणाविषयी : लेमन मर्टल, मॅकाडेमिया, फिंगर लाइम यांची आता रीतसर लागवड होते, त्यामुळे बीअरसाठी जंगल ओरबाडले जाते असे सरसकट म्हणता येणार नाही. या झाडांपैकी मर्टल वर्गाला खरा धोका आहे तो मर्टल रस्ट या दक्षिण अमेरिकेतून आलेल्या बुरशीचा. एप्रिल 2010 मध्ये न्यू साउथ वेल्सच्या मध्य किनाऱ्यावर ती प्रथम आढळली आणि पुढे पूर्व किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. ती नेमकी कोवळ्या पालवीवर पिवळ्याधमक भुकटीसारखी बसते. रायबेरी आणि लेमन मर्टल या दोन्हींना ती लागते, आणि नेटिव्ह ग्वावा नावाचे त्यांच्याच कुळातील एक झाड तिच्यामुळे जंगलातून नाहीसे होण्याच्या बेतात आहे. बुरशीचे बीजाणू वाऱ्याबरोबर जातात, तसेच माणसांच्या कपड्यांवरून आणि बुटांवरूनही. तेव्हा लेमन मर्टलची शेती पाहायला जाणार असाल, तर आधीच्या दिवशी जंगलात घातलेले कपडे आणि टोपी धुतल्याशिवाय घालू नका, बुटांचे तळ घासून घ्या, आणि पान चुरगळून हुंगायचे असेल तर शेतकऱ्याने दिलेलेच हुंगा. सामानात घालून दुसरीकडे नेऊ नका.